आरएलसीत बदल केला, टेस्ट फेल जातायत. आता रेडिओ बोर्ड घ्यायचा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बी.ई.च्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. एसआरएसरॅन ४जी हा मुक्त स्रोत एलटीई स्टॅक, म्हणजे ४जी नेटवर्कचं सगळं सॉफ्टवेअर, लॅपटॉपवर बिल्ड केला. त्यातल्या आरएलसीच्या (डेटाचे तुकडे करून पाठवणारा आणि हरवलेले पुन्हा पाठवणारा थर) अ‍ॅकनॉलेज्ड मोडमध्ये पोल बिट (पोच मागणारी खूण) कधी लावायचा याचा नियम बदलला. मग सगळ्या टेस्ट चालवल्या तर नऊ फेल गेल्या, आणि त्यातल्या बहुतेक फिजिकल लेयरच्या (बिटांचा रेडिओ सिग्नल करणारा सगळ्यात खालचा थर), जिथे तुम्ही हातही लावलेला नाही. गाइड म्हणतात, टेस्टच्या नादी लागू नका, एसडीआर (सॉफ्टवेअरने चालणारा रेडिओ) बोर्ड घ्या आणि हवेत चालतंय का ते बघा.

मी पंधरा-सोळा वर्षं प्रोटोकॉल सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यातला बराच काळ लेयर २ वर, म्हणजे आरएलसी ज्यात येतो तिथे, गेला. गाइडांचा मान ठेवून सांगतो: बोर्ड आत्ता घेऊ नका. पण ते नंतर. तुमच्या प्रश्नात मला पहिल्यांदा खटकली ती वेगळीच गोष्ट. नऊ टेस्ट फेल गेल्या असं तुम्ही लिहिलंय, पण बदल करण्याआधी किती फेल जात होत्या ते कुठेच नाही. म्हणजे मोडतोड तुम्ही केली की ती आधीपासूनच होती, हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही. हवेत चालवून तर ते अजिबातच कळणार नाही.

तेव्हा आधी मूळ कोडची कोरी प्रत घ्या. मुख्य शाखेचं टोक नको, टॅग लावलेली आवृत्ती घ्या. २३.११ ही चालेल. ती एका फोल्डरात, तुमचा बदललेला कोड दुसऱ्या फोल्डरात, आणि दोघांच्या बिल्ड डिरेक्टऱ्याही वेगळ्या. दोन्हीकडे एकाच कंपाइलरने, एकाच पर्यायांनी बिल्ड करा आणि फेल गेलेल्या टेस्टची यादी शेजारी शेजारी ठेवा. कोऱ्या प्रतीत आठ फेल आणि तुमच्यात नऊ असतील, तर तुमचा प्रश्न एका टेस्टचा आहे. उरलेल्या आठ तुमच्या मशीनच्या आहेत.

पुढचं बरंच तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे: प्रोसेसर कुठला, कंपाइलर किती नवा, थेट लिनक्सवर आहात की व्हर्च्युअल मशीनमध्ये, रॅम किती. हा प्रकल्प पूर्वी एसआरएसएलटीई नावाने ओळखला जायचा, २०२१ मध्ये नाव बदललं. नंतर तो बनवणाऱ्या आयरिश कंपनीचं लक्ष ५जीच्या वेगळ्या प्रकल्पाकडे गेलं आणि ४जीच्या कोडमध्ये नवी भर फारशी पडत नाही. कंपाइलर मात्र दरवर्षी नवा येतो आणि जास्त कटकट्या होत जातो. त्यामुळे कालपर्यंत बिल्ड होणारा कोड नव्या उबुंटूवर एखाद्या वॉर्निंगपाशी अडतो, कारण वॉर्निंगला एरर मानायचा पर्याय बिल्डमध्ये आहे. तो बंद करता येतो. कोऱ्या प्रतीसाठी खुशाल बंद करा. स्वतःच्या बदलाच्या फाइलींमधल्या वॉर्निंग मात्र एकदा डोळ्यांखालून घाला.

बिल्डबद्दल दोनच गोष्टी सांगतो, बाकी सूचनांमध्ये आहे. एफएफटीडब्ल्यू, एमबेडटीएलएस, बूस्ट, लिबकॉन्फिग आणि एससीटीपी यांची डेव्हलपमेंट पॅकेजं नसली तर बिल्डची तयारी करणारं सीमेक स्पष्ट बोंब मारतं. झीरोएमक्यू (प्रोग्राम सॉकेटने जोडणारी लायब्ररी, आभासी रेडिओ हिच्यावर चालतो) नसलं तर मात्र ते मुकाट्याने पुढे जातं आणि तो भाग वगळून बिल्ड करतं. मग आठवड्याने आभासी रेडिओ लावायला जाता आणि सापडत नाही. म्हणून झीरोएमक्यू आधी बसवा, आणि नंतर बसवलं असेल तर सीमेकची कॅश पुसून पुन्हा सुरुवात करा. दुसरी गोष्ट रॅमची. आरआरसीच्या (फोन आणि बेस स्टेशनमधल्या नियंत्रण संदेशांचा थर) एएसएन.१ या भाषेतल्या वर्णनातून यंत्राने तयार केलेल्या फाइली प्रचंड आहेत. ८ जीबीच्या लॅपटॉपवर सगळे कोर लावून मेक चालवलं की कंपाइलरच मध्येच मारला जातो आणि संदेश असा येतो की जणू कोडमध्येच खोट आहे. कोर कमी करा, चहा करून या.

आता त्या फेल गेलेल्या टेस्ट. टेस्ट चालवणारं सीटेस्ट शेवटी नुसती नावं देतं आणि सगळे त्या नावांवरूनच तर्क लढवत बसतात. नावापेक्षा त्यापुढे काय लिहिलंय ते वाचा, कारण "फेल" या एका शब्दात चार वेगळे आजार लपलेले असतात.

"नॉट रन" असेल तर ती टेस्ट चाललेलीच नाही, तिचा प्रोग्रामच बनलेला नाही. बिल्ड मध्येच कुठेतरी अडलं होतं आणि तुमचं लक्ष नव्हतं.

"इलीगल" असेल तर प्रोसेसरला न समजणारी आज्ञा मिळाली. हा स्टॅक वेगासाठी एव्हीएक्ससारख्या (एका फटक्यात अनेक आकडे हाताळणाऱ्या) आज्ञा भरपूर वापरतो आणि नेहमीच्या बिल्डमध्ये ज्या मशीनवर कंपाइल होतोय त्याच मशीनच्या प्रोसेसरसाठी बेतला जातो. लॅबच्या सर्व्हरवर बिल्ड करून फोल्डर पेनड्राइव्हने जुन्या लॅपटॉपवर नेलं की हे हमखास होतं. मी स्वतः यात अर्धा दिवस घालवलाय. टर्बो डिकोडरचा (आलेल्या बिटांमधल्या चुका दुरुस्त करणारा भाग) कोड ओळ न ओळ वाचला, कागदावर ट्रेलिस काढला, आणि शेवटी कळलं की डिकोडर बिचारा ठीक होता, मीच बायनरी दुसऱ्या मशीनवरून उचलून आणली होती. तुमच्या नऊमधल्या फिजिकल लेयरच्या टेस्ट सुरू होताक्षणी मरत असतील तर माझा पहिला संशय इथेच जाईल.

"टाइमआउट" असेल तर दोन शक्यता: खरंच कुठेतरी दोन थ्रेड एकमेकांची वाट बघत अडकलेत, किंवा मशीन हळू आहे आणि तुम्ही सगळ्या टेस्ट एकदम समांतर सोडल्या आहेत. ती एकच टेस्ट एकटी चालवून बघा. एकटी पास होत असेल तर दोष बहुधा गर्दीचा. एकटीसुद्धा वीस वेळा चालवल्यावर एकदा अडकत असेल तर ते प्रकरण गंभीर आहे. सीटेस्टला फेल होईपर्यंत पुन्हा पुन्हा चालव असं सांगता येतं. रात्री लावून झोपा.

आणि चौथा प्रकार म्हणजे साधं "फेल्ड": टेस्ट शेवटपर्यंत चालली आणि उत्तर चुकलं. खरी बातमी फक्त ही. इथे आउटपुट पाहिल्याशिवाय काही बोलू नये. अपयशावर आउटपुट दाखवायचा पर्याय लावा आणि कुठल्या ओळीवरची अट मोडली ते बघा.

एवढी वर्गवारी केलीत की नऊपैकी एखाद-दुसरीच उरेल, आणि ती बहुधा आरएलसीची असेल. तिथे मला जास्त वेळ घालवायचाय.

त्याआधी फिजिकल लेयरच्या टेस्टबद्दल एक इशारा, कारण पुढे कधीतरी तुम्ही तिथेही हात घालाल. तिथल्या पुष्कळ टेस्ट फेरीच्या स्वरूपाच्या असतात: बिट घ्या, एन्कोड करा, थोडा नॉइज मिसळा, डिकोड करा, तेच बिट परत आले का बघा. उपयोगी आहेत. एलटीईच्या टर्बो कोडमध्ये ४० ते ६१४४ बिटांपर्यंत १८८ लांब्या आहेत आणि त्या सगळ्या हाताने कोण तपासणार? पण फेरीच्या टेस्टमध्ये पेपर काढणारा, सोडवणारा आणि तपासणारा एकच असतो. एन्कोडरमध्ये तुम्ही इंटरलीव्हर (बिटांचा क्रम ढवळणारा भाग) चुकीचा लिहिला आणि डिकोडरमध्येही तोच चुकीचा वापरला तर टेस्ट आनंदाने पास होते, आणि दुसऱ्या कुणाच्याही फोनशी तुमचं बोलणं होत नाही. म्हणून जिथे मानकातच तयार उत्तरं दिलेली आहेत तिथे तीच वापरावीत. सिम ओळखण्याच्या मिलेनाज अल्गोरिदमची उत्तरं ३जीपीपी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ३५.२०७ आणि ३५.२०८ मध्ये आहेत, एलटीईच्या सुरक्षा अल्गोरिदमची ३३.४०१ च्या परिशिष्टात. या स्टॅकमधल्या सुरक्षेच्या टेस्ट तशाच लिहिलेल्या आहेत. टेस्ट लिहायला शिकायचं तर सुरुवात तिथून करा, छोट्या आणि स्वच्छ आहेत.

आता आरएलसी. तुमचा बदल पोलिंगमध्ये आहे, म्हणजे पाठवणारा घेणाऱ्याला "काय काय पोहोचलं ते सांग" असं कधी विचारतो त्यात. नियम दिसायला साधा आहे, पण त्याच्यावर अवलंबून असलेली एक जागा फार नाजूक आहे. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी काम करताना आमच्याकडे तक्रार आली की डेटा चालता चालता मध्येच थिजतो. कधी थिजेल सांगता येत नाही, आणि आपण काही पाठवलं की पुन्हा चालू. आम्ही लॉगर लावून सोलापूर रस्त्यावर गाडीने दोन आठवडे फिरलो. पेट्रोलचं बिल आणि धाब्यांचं बिल यांत मोठं कुठलं होतं यावर अजून वाद आहे. दोष सापडला तो ऑफिसात बसून लिहिलेल्या चाळीस ओळींच्या टेस्टमध्ये.

दोष असा होता. समजा पाच पीडीयू (आरएलसीची पाकिटं) पाठवायचे आहेत. पाचवा शेवटचा, बफर रिकामा होतोय म्हणून त्याच्यावर पोल बिट लागलाय. नेमका तोच हवेत हरवला. घेणाऱ्याकडे चार आले, क्रमाने आले, मधे कुठे खळगा नाही. त्याच्या दृष्टीने सगळं आलबेल. रीऑर्डरिंगचा टायमर मधला क्रमांक गळला तरच सुरू होतो आणि इथे मधलं काहीच गळलेलं नाही, त्यामुळे तो स्टेटस (काय पोहोचलं त्याचा अहवाल) पाठवणार नाही. विचारणाही त्याच्यापर्यंत पोहोचली नाही, कारण ती हरवलेल्या पीडीयूवरच होती. आता पाठवणाऱ्याकडचा टी-पोलरीट्रान्समिट हा एकच टायमर वाचवू शकतो. तो संपला की पाठवणाऱ्याने उत्तर न आलेला एखादा पीडीयू पोल बिट लावून पुन्हा पाठवायचा. आमच्या कोडमध्ये बफर रिकामा असला की तो टायमर सुरूच होत नव्हता. पुढचं काही पाठवलं की क्रमात खळगा दिसायचा आणि गाडी पुन्हा रुळावर यायची. म्हणून "आपण काही पाठवलं की चालू".

तुम्ही पोल बिटाचा नियम बदललाय, त्यामुळे हीच टेस्ट तुमच्यासाठी पहिली. लिब-टेस्ट फोल्डरातल्या आरएलसीच्या टेस्ट उघडा, साचा तयार मिळेल. एकाच प्रोग्राममध्ये आरएलसीची दोन टोकं उभी केलेली असतात आणि मधली हवा म्हणजे तुम्ही. पहिल्या टोकाला पाच एसडीयू (वरच्या थराकडून आलेले डेटाचे गठ्ठे) द्या. त्याच्याकडून एकेक पीडीयू मागून घ्या. पहिले चार दुसऱ्या टोकाला द्या, पाचवा खिशात घाला. मग टायमर स्वतःच्या हाताने एकेक मिलिसेकंद पुढे ढकला. सिग्नलिंगच्या बेअररसाठी (नियंत्रण संदेशांच्या वाहिनीसाठी) टी-पोलरीट्रान्समिटचं मानकातलं डिफॉल्ट ४५ मिलिसेकंदांचं आहे. ती मुदत संपायच्या आधी पहिल्या टोकाकडे पाठवण्यासारखं काही नसलं पाहिजे, आणि संपल्यावर असलं पाहिजे. दोन्ही अटी तपासा. लोक फक्त दुसरी तपासतात, आणि मग टायमर एका मिलिसेकंदात संपत असला तरी टेस्ट हिरवीच राहते. शेवटी फेरपाठवणी आणि स्टेटस पोहोचू द्या आणि पाचही एसडीयू क्रमाने, एकेकदाच मिळाले का ते मोजा.

या ४५ मिलिसेकंदांना घड्याळात ४५ मिलिसेकंद लागत नाहीत, हे लक्षात घ्या. वेळ तुमच्या हातात आहे. टेस्टमध्ये कुठेही खरा स्लीप टाकू नका. ज्या टेस्टला खरा वेळ लागतो ती कधीतरी गर्दीच्या मशीनवर विनाकारण फेल जाणारच, आणि तशी ती दोनदा गेली की लोक तिच्याकडे बघायचं सोडतात.

दुसरी टेस्ट क्रमांक पुन्हा शून्यावर येण्याची. एलटीईच्या अ‍ॅकनॉलेज्ड मोडमध्ये क्रमांक १० बिटांचा, म्हणजे १०२३ नंतर पुन्हा शून्य, आणि विंडो, म्हणजे पोच न येता पुढे पाठवता येणाऱ्या पीडीयूंची मर्यादा, ५१२ ची. दर मिलिसेकंदाला एक पीडीयू धरला तर हवेत दर सेकंदाला हे वळण येतं, त्यामुळे नुसतं वळण कुणाचं मोडत नाही. मोडतं ते नेमक्या वळणावर पीडीयू गळला तर. १०२२ आणि शून्य गाळा, १०२३ आणि एक पोहोचू द्या, आणि स्टेटसमध्ये काय येतंय ते बघा. दोन क्रमांकांची तुलना विंडोच्या सुरुवातीपासून मोजून करावी लागते. तुमच्या बदलात कुठेही "हा क्रमांक त्याच्यापेक्षा मोठा" अशी सरळ तुलना असेल तर ती इथे उघडी पडेल. पाचशेच्या आसपास पाठवल्यावर मध्ये मध्ये स्टेटस परत द्यायला विसरू नका, नाहीतर विंडो भरून टेस्टच थांबेल आणि तुम्ही दोष कोडला द्याल.

तिसरी, ग्रँट (एका वेळी पाठवायला मिळणारी जागा) मुद्दाम लहान द्यायची. पीडीयू मागताना किती बाइट ते तुम्हीच सांगता. वीस-पंचवीस बाइट दिले की हजार बाइटांच्या एसडीयूचे तुकडे पडतात. फेरपाठवणीच्या वेळी त्याहून लहान ग्रँट द्या, तुकड्यांचे तुकडे पडतील. पोल बिट अशा वेळी नेमका कुठल्या तुकड्यावर लागतो? तुमच्या नव्या नियमाने याचं उत्तर दिलेलं असायला हवं. प्रश्नातल्या वर्णनावरून मला शंका आहे की दिलेलं नाही. आणि स्टेटस पीडीयूच ग्रँटमध्ये मावत नाही अशी वेळही आणून बघा.

स्टॅकमध्ये आरएलसीची स्ट्रेस टेस्टही आहे, ती अनेक थ्रेड आणि नशिबाने गळणारे पीडीयू घेऊन चालते. ती जरूर चालवा, पण वरच्या तिन्हींनंतर. स्ट्रेस टेस्ट सांगते की कुठेतरी दुखतंय. कुठे, ते तिच्यातून काढायला दोन दिवस जातात.

एक तांत्रिक खाच. स्वतःची टेस्ट लिहिताना साधं असर्ट वापरू नका. सीमेकच्या नेहमीच्या रिलीज बिल्डमध्ये ते काढूनच टाकलं जातं, मग टेस्ट काहीही न तपासता पास होते. या स्टॅकचा स्वतःचा टेस्टअसर्ट मॅक्रो आहे, तो कुठल्याही बिल्डमध्ये टिकतो. आणि नवी टेस्ट लिहून झाली की कोड मुद्दाम एकदा मोडून बघा. टायमर सुरू करणारी ओळ कमेंट करा. टेस्ट लाल झाली नाही तर ती टेस्ट नाही.

अ‍ॅड्रेस सॅनिटायझरचं तिसरं बिल्डही वेगळ्या डिरेक्टरीत करून ठेवा. हळू चालतं, पण बफर मोकळा केल्यावर पुन्हा वापरला असेल तर तिथल्या तिथे पकडतं. आरएलसीत फेरपाठवणीसाठी पीडीयू धरून ठेवावे लागतात, त्यामुळे हा दोष तिथे फार सहज शिरतो.

हे सगळं हिरवं झालं की झीरोएमक्यूचा आभासी रेडिओ. बेस स्टेशन, फोनचं टोक आणि कोअर (बेस स्टेशनमागचं मुख्य नेटवर्क) तिन्ही एकाच लॅपटॉपवर, मधे अँटेनाऐवजी सॉकेट. याची गंमत म्हणजे एक बाजू थांबली की दुसरीही थांबून वाट बघते, त्यामुळे डीबगर लावून निवांत बघता येतं. खऱ्या रेडिओवर ती सोय नाही. फोनचं टोक मात्र स्वतंत्र नेटवर्क नेमस्पेसमध्ये (लिनक्समधला वेगळा नेटवर्क कप्पा) ठेवा. नाहीतर कोअरच्या १७२.१६.०.१ या पत्त्याला केलेला पिंग कर्नल आतल्या आत फिरवतो, उत्तर झकास येतं आणि एकही बिट तुमच्या आरएलसीतून गेलेला नसतो. मी हे प्रात्यक्षिक दाखवताना बघितलंय, टाळ्यांसकट. शिवाय हा मार्ग फारच स्वच्छ आहे, काहीच गळत नाही. कॉन्फिगरेशनमध्ये चॅनेल इम्युलेटर आहे, त्यातून नॉइज आणि फेडिंग घाला.

मग बोर्ड. यूएसआरपी बी२१० किंवा तसलं काही घेतलंत तरी तुमच्या बदलाबद्दल ते नवीन फार थोडं सांगेल. ते सांगतं यूएसबी ३ पुरतंय का, लॅपटॉप वेळेत नमुने देतोय का, घड्याळं किती सरकतात. तुमचा प्रकल्प त्याबद्दलचा नाही. आणि घेतलंच तर अँटेना लावून एलटीईच्या पट्ट्यात प्रसारण करू नका. ते पट्टे परवान्याचे आहेत, आपल्याकडे ते काम दूरसंचार विभागाचा डब्ल्यूपीसी (वायरलेस नियोजन आणि समन्वय) कक्ष बघतो, आणि कॉलेजचा प्रकल्प ही सबब चालत नाही. दोन बोर्ड केबलने जोडा आणि मध्ये ४० डीबीच्या आसपास अ‍ॅटेन्युएटर घाला. बी२१० चं रिसीव्हर उणे १५ डीबीएमच्या वर सोसत नाही आणि त्याचंच ट्रान्समीटर १० डीबीएमच्या वर देऊ शकतं, म्हणजे सरळ जोडलंत तर महागातलं टोक जळेल.

गाइडांना दाखवायला काहीतरी लागेल हे मला कळतं. त्यांना ती पाचव्या पीडीयूची टेस्ट मूळ कोडवर आणि तुमच्या कोडवर समोरासमोर चालवून दाखवा. कोऱ्या प्रतीचा निकाल आला की फेल गेलेल्या टेस्टची नावं, त्यांच्यापुढचा शब्द आणि प्रोसेसरचं मॉडेल एवढं इथे लिहा. पोल बिटाचा तुमचा नवा नियमही दोन ओळींत द्या, त्याशिवाय तुकड्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला देता येणार नाही.